पंधरा तारखेचा पगार

१५ फेब्रुवारी २०२४, गुरुवार

फंडाचे पैसे आले! चौदाशे डॉलर. आठ वाजताच बँकेच्या मशीनवर जाऊन पाहून आले. साडेपाच वर्षांत एकदाही चुकले नाहीत. बाहेर उणे तेवीस. बुटांत पावाच्या पिशव्या घालून गेले होते, तरी अंगठे बधिर झाले. बूट दहा वर्षांचे आहेत, पण शिवण अजून धड आहे. मग फेकायचे कशाला?

माझा नवरा टाउनो असता तर म्हणाला असता, "काय बाईसाहेब, झाला का पगार?" या पैशांना पगार म्हणायची सवय त्याचीच. सदतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबले, तेव्हाचा पगारसुद्धा इतका वेळेवर व्हायचा नाही. घरी आल्यावर त्याच्या फोटोला थँक्यू म्हटलं. दर महिन्याला म्हणते. कुणी बघत नाही, मग लाज कसली?

नंतर माझ्या मैत्रिणीबरोबर, हिल्काबरोबर, पॅनकेक. पंधरा तारखेला पैसे मी द्यायचे असा रिवाजच पडलाय. शेजारच्या टेबलावर कागद गिरणीतले जुने लोक टॅक्सच्या नावाने खडे फोडत होते. मी वळून सांगितलं, "माझ्या फंडाच्या पैशांवर टॅक्स जवळजवळ शून्य! मला विचारा काय घ्यायचं ते." त्यातला एक म्हणाला, "तायमी, तू आमची अर्थमंत्री हो." सगळे हसले. हिल्का सिरपच्या बाटलीचं बूड पुसत होती.


२० फेब्रुवारी, मंगळवार

हिल्काचा फोन. तिच्या शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला कायमचं नर्सिंग होममध्ये हलवलं. घर रिकामं होणार! चौथा मजला, बंदराकडे बाल्कनी, समोर झोपलेल्या राक्षसाचा डोंगर. आणि खाली सामायिक सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, शनिवारी बायकांची पाळी पाच ते सात.

दोन वर्षं आम्ही दोघी याच्यावर डोळा ठेवून आहोत. गुडघे आता जिना चढायचे नाहीत म्हणतात, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला माणूस मिळत नाही. जिथे पडेन तिथेच सापडेन, तेही तीन दिवसांनी. हिल्का म्हणाली, "भिंतीवर टकटक केलंस की मी आलेच." मी म्हटलं, "तू बहिरी आहेस, हातोडा आणते."

अर्ज टाकला.


२ मार्च, शनिवार

पत्र आलं. माझा नंबर पहिला! एक लाख पासष्ट हजार अनामत भरायची, एकतीस मेच्या आत. मग मरेपर्यंत राहायचं. मेल्यावर अनामत मागच्यांना परत.

म्हणजे मुद्दलाला हात लावावा लागणार. आयुष्यात पहिल्यांदा. दोन लाख दहा हजार आहेत फंडात, टाउनोला गिरणीने निरोप देताना दिलेले आणि आमची चाळीस वर्षांची शिल्लक.

सकाळपासून पत्राची चारदा घडी घातली, चारदा उघडली. आई फिनलंडहून आली तेव्हा वीलीचं विरजण सुती रुमालावर वाळवून, घडी करून पदरी बांधून आणलं होतं. इथे येऊन दुधात तो रुमाल भिजवला, आणि आमच्या घरात सत्तर वर्षं त्याच विरजणाचं दही लागतंय. वाटी संपवताना तळाचा चमचा खायचा नाही, हे मी बोलायच्या आधी शिकले असेन. तो चमचा उद्याचा. पैशाचंही आईने तेच शिकवलं. वरची मिळकत खा, तळाला हात लावू नकोस.

टाउनो चिडायचा. "मूल नाही, बाळ नाही, कुणासाठी साठवतेस? बँक तुझा पुतळा उभारणार आहे का?" मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या की तो मुद्दाम त्यातली एक डोक्यावर टोपीसारखी घालून फिरायचा. वेडा.

पण विचार केला, अनामत म्हणजे खाणं नव्हे. इकडची रक्कम तिकडे ठेवायची. तळ शाबूत राहतो. आई काही बोलली नसती.

होकार कळवला!


१४ मार्च, गुरुवार

यंदा डोळ्यांमुळे टॅक्सचे कागद स्वतः भरायला जमेना. लायब्ररीच्या तळघरात फुकट भरून देतात, तिथे गेले. क्रेसवेल म्हणून रेल्वेतले जुने हिशेबनीस बसतात. नखं स्वच्छ, बोलणं सावकाश.

माझी फंडाची स्लिप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मिसेस कांगास, हा बेचाळीस नंबरचा रकाना पाहिलात?"

"पाहिला की. त्यावर टॅक्स नाही."

"का नाही, ते माहितेय?"

"सरकारला म्हाताऱ्यांची दया येत असेल."

ते हसले, पण तोंडापुरते. "तुम्ही या खिशातले पैसे काढून त्या खिशात ठेवलेत, तर सरकार टॅक्स कशावर घेईल? हे तुमचेच पैसे आहेत. फंडाने तुम्हाला मुद्दल परत केलंय. यंदाच्या वाटपातला निम्म्याहून जास्त भाग तसा आहे. मागच्या स्लिपा आहेत का?"

मी म्हटलं, "अहो, काहीतरी गल्लत होतेय. हे वाटप शेअरच्या लाभांशाचं आहे. आणि ते दुसरं—वचन विकतात त्याचं."

"बरोबर," ते म्हणाले. "फंड बँकांचे, पाइपलाइनवाल्यांचे शेअर घेतो. आणि दुसऱ्यांना वचन विकतो, की भाव अमुकच्या वर गेला तर आम्ही तुम्हाला अमुकलाच देऊन टाकू. त्या वचनाचे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात येतात. पण बाजार चढला की चढ त्यांची. पडला की पड पूर्ण तुमची. आणि कबूल केलेले चौदाशे त्यातून निघाले नाहीत, की बाकीचे तुमच्या मुद्दलातून काढून देतात."

"मग माझं मुद्दल?"

"स्टेटमेंटवर लिहिलेलं असतं. तुम्ही बघत नाही?"

मी नाही बघत. टाउनोने सांगितलं होतं, भाव बघायचा नाही, वर-खाली होतो, उगाच झोप उडते, फक्त पंधरा तारीख बघायची. पाकिटं येतात ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते, न फोडता. मला त्याचा अभिमानच वाटायचा. बाकीचे लोक रोज भाव बघून छाती धरतात, मी नाही!

क्रेसवेलना म्हटलं, तुमचं काम फॉर्म भरायचं, तेवढं करा. फार वाईट बोलले त्या बिचाऱ्या माणसाला.


१५ मार्च, शुक्रवार

पैसे आले. चौदाशे. हिल्काला सांगितलं, सर्दी झालीय.


१६ मार्च, शनिवार

डबा फोडला. एकेक पाकीट सुरीने उघडलं.

एक लाख अठरा हजार चारशे साठ.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मागचं काढलं, त्याच्या मागचं काढलं. दर कागदावर आकडा थोडा थोडा उतरत गेलेला, आणि २०२० च्या वसंतात एकदम धाडकन. त्यानंतर बाजार वर आला, सगळे म्हणत होते वर आला, पण माझा आकडा नाही आला.

एक्क्याण्णव हजार पाचशे चाळीस डॉलर गेले. मी खाल्ले. मी! जिने आयुष्यात बटाट्याची साल जाड काढली नाही!


१८ मार्च, सोमवार

बँकेत गेले. डेरिकने कॉफी विचारली. मी नाही म्हटलं. हाच डेरिक २०१८ मध्ये कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसला होता, माझी पुल्ला, आमचा वेलचीचा गोड पाव, खाल्ली होती, दोन तुकडे. तेव्हा पोरगेला होता, आता पोट सुटलंय.

"हा फंड असाच चालतो," म्हणाला. "छापील पत्रकात पान अकरावर आहे. तुमची सही आहे."

"पान अकरा मी वाचावं, ही अपेक्षा होती तुमची? तुम्ही तोंडाने का नाही सांगितलंत?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "टाउनोना सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांना पूर्ण कल्पना होती."

तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसावर ढकलतो! तो परत येऊन सांगणार आहे का, नाही सांगितलं म्हणून? टाउनोला यातलं काय कळणार! एकतीस वर्षं कागदाच्या लगद्यात उभा राहिलेला माणूस, गोड बोललं की विश्वास ठेवणारा. त्याला फसवलं आणि आता त्याच्याच नावावर पावती फाडतायत.

"तुमची तक्रार करणार आहे," मी म्हटलं.

"तो तुमचा हक्क आहे," डेरिक म्हणाला. वर चेहरा असा, जणू त्याचंच कुणी वारलंय.


२१ मार्च, गुरुवार



हिल्काकडे गेले होते. तिच्याकडेही हाच फंड. तिच्या नवऱ्याने टाउनोच्या पाठोपाठ घेतलेला. म्हटलं तिला सावध करावं, आणि दोघी मिळून रडावं तरी. सगळं सांगितलं, रकाना बेचाळीस, डबा, एक लाख अठरा. ती टेबलावरच्या कापडाची सुरकुती काढत राहिली. मला वाटलं धक्का बसला. मी म्हटलं, "अगं, तुझेही गेले असतील, बघ तरी!"

"माझे नाही गेले," ती म्हणाली. "मी काढून घेतले. २०२१ मध्ये. मुलीने कागद बघितले, म्हणाली, आई हे बरं नाही, काढ."

"तीन वर्षांपूर्वी?"

"हो."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू किती खूश असायचीस गं पंधरा तारखेला."

मी खूश असायचे! म्हणून! तीन वर्षं, दर महिन्याला, माझ्यासमोर बसून माझ्या पैशाचे पॅनकेक खाल्ले बाईने. माझ्या मुद्दलाचे! मी टॅक्सची फुशारकी मारत होते आणि ही बाटली पुसत होती. सगळं ठाऊक असून. पहिलीपासूनची मैत्रीण. माझ्या लग्नात करवली. टाउनो गेला तेव्हा आठ रात्री माझ्याजवळ झोपलेली. केसाने गळा कापला माझा.

म्हटलं, "तू तोंड उघडलं असतंस तर आज मला घर मिळालं असतं." कोट न घालताच बाहेर पडले. लिफ्टपर्यंत गेल्यावर थंडी लागली, पण परत कशी जाणार? कोट तिथेच राहिलाय.


२२ मार्च, शुक्रवार

कोट दाराच्या कडीला अडकवून गेली. मी खिडकीतून पाहिलं. उघडलं नाही.


२९ मार्च, गुड फ्रायडे

तक्रारीचं पत्र टाकलं. चार पानं, हाताने. क्रेसवेलनी मसुदा बघून दिला. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मागची फाइल मागवा. सल्लागाराला प्रत्येक भेटीची नोंद ठेवावी लागते. डेरिकने काय सांगितलं, काय नाही, तिथे सापडेल." तेही पत्रात घातलं. आता बघतेच त्याच्याकडे.

आज दारात हिल्काची पुल्ला होती. कापडात गुंडाळलेली, अजून कोमट. कावळ्यांना घालणार होते. पण लोणी घातलेलं, वेलची घातलेली, अंड्याचा हात फिरवलेली पुल्ला कावळ्यांना? माझ्याच्याने झालं नाही. उभ्याने खाल्ली, रागाने. वेलची जास्त झालीय.


७ एप्रिल, रविवार

दिवसभर आठवत बसले, मी खाल्लं काय काय.

खालचे दात. सात हजार. टाउनो मागे लागला होता, "पगार येतोय ना, मग चावून खा." कानातलं यंत्र. सौनातली नवी भट्टी. फिनलंड, २०१९ चा जून, तीन आठवडे. आईचं गाव. मी तर म्हणाले होते, विमानाचं भाडं बघितलंस का? तो म्हणाला, "भाडं पगारातून. मुद्दलाला कोण हात लावतोय?" आईच्या शाळेच्या पायरीवर बसून आम्ही राईचा पाव आणि मासे खाल्ले. त्याला खोकला येत होता. मला वाटलं, तळ्यावरचं वारं लागलं.

त्याने म्हटल्याशिवाय यातलं एकही मी केलं नसतं. आणि आता वाटतं करायलाच नको होतं! चांगल्या आठवणींनाही आता किंमत चिकटली. याबद्दल मी त्या फंडवाल्यांना कधी माफ करणार नाही.


१५ एप्रिल

चौदाशे. थँक्यू म्हटलं नाही. फोटो पालथाही घातला नाही. त्याचा काय दोष?


२३ मे, गुरुवार

हिल्का आली. मी अंगणात रूबार्बच्या वाफ्यात होते, पळायला जागा नव्हती.

म्हणाली, "तायमी, पन्नास हजार मी घालते. तुझे एक लाख अठरा आणि माझे पन्नास. घर होतं. एकतीस तारखेला आठ दिवस आहेत. लिहून नको देऊस, व्याज नको देऊस. फक्त ये."

आधी वाटलं, हिच्या गळ्यात पडावं. खरंच वाटलं. मग मनात आलं, हे पन्नास हजार तिच्याकडे आहेत, कारण ती वेळेवर बाहेर पडली. माझ्याकडे नाहीत, कारण तिने मला आत ठेवलं. मी तोंडावर सांगितलं.

ती मातीकडे बघत म्हणाली, "मला बोलता येत नव्हतं गं. मी शब्द दिला होता."

"शब्द? कुणाला? मुलीला? की डेरिकला? तुला काही मिळालं का त्याच्याकडून?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. साठ वर्षांत मी तिला रडताना दोनदा पाहिलंय. हे तिसरं. "असं कसं बोलवतं तुला," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "पन्नास हजारांत माझं तोंड बंद होणार नाही. जा."

गेली. मी रूबार्ब कापत राहिले. इतकं कापलं की शेजाऱ्यांना वाटावं लागलं.


३१ मे, शुक्रवार

इमारतीच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन. "तायमी, काय ठरलं?" मी म्हटलं, जमत नाही. म्हणाली, "अगं, हिल्का सांगत होती की जमेल." मी म्हटलं, हिल्का बरंच काही सांगते, आणि बरंच काही सांगत नाही.

घर ड्रायडनहून येणाऱ्या जोडप्याला गेलं.

संध्याकाळी जिन्यात बसले होते, मधल्या पायरीवर, गुडघा धरून. वर जायचं की खाली, तेच सुचेना. या घरात आता मी एकटी मरणार, हे पहिल्यांदा नीट कळलं. भीती वाटली. इथे लिहिते आहे म्हणून खरं लिहिते, फार भीती वाटली.


१४ जून, शुक्रवार

पंधराला शनिवार, म्हणून पैसे आजच आले. नऊशे दहा! वाटलं मशीन चुकलं. बँकेतली मुलगी म्हणाली, फंडाने वाटप कमी केलंय, पत्र येईल.

आधी तळ खाल्ला आणि आता वाटीही लहान केली. हसूच आलं. मशीनसमोर उभी राहून मी एकटीच हसतेय, मागे रांग.


२२ जून, योहानेसची रात्र म्हणायची, पण मी दुपारीच लिहितेय

तळ्याकाठी सगळे उन्हाळ्याच्या सणाची होळी पेटवणार. न्यायला आले होते गिरणीतले जुने लोक, गाडी घेऊन. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "तायमी, तो तुझा बिनटॅक्सचा फंड कुठला गं? बायकोच्या नावाने टाकावेत म्हणतो."

मी त्याला फाटकाशीच सगळं सांगितलं, अगदी रकाना बेचाळीसपासून. गाडीचं इंजिन चालू, बाकीचे हॉर्न देतायत. तो म्हणाला, "बरं झालं बाई सांगितलंस." सांगायला इतकंसंच लागतं. चार मिनिटं. हिल्काला तीन वर्षांत चार मिनिटं मिळाली नाहीत!

मी गेले नाही. ती असणार तिथे.


९ जुलै, मंगळवार

तक्रारीचं उत्तर आलं. जाड पाकीट. तक्रारीत तथ्य आढळत नाही म्हणतात. सोबत डेरिकच्या नोंदीची प्रत. मागितली होती ना मी. जशी आहे तशी इथे उतरवते:

"११ ऑक्टोबर २०१८. टाउनो कांगास एकटे आले. तब्येत: फुप्फुसाचा कर्करोग, डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली. पत्नीला अजून माहीत नाही. या फंडातलं वाटप म्हणजे मिळकत नव्हे, त्यात मुद्दलच परत येत राहील आणि रक्कम घटेल, हे दोनदा समजावून सांगितलं. दुसरे सुरक्षित पर्याय दाखवले. म्हणाले, मला हेच पाहिजे. म्हणाले, ती मुद्दलातला एक पैसा स्वतःहून काढणार नाही, मी गेल्यावर उपाशी राहील, थंडीत बसेल, पण हात लावणार नाही. पगार आला असं वाटलं तरच खाईल. तिला सांगू नका. मैत्रिणीकडूनही तसा शब्द घेतला आहे म्हणाले. पत्नीची सही घरी जाऊन घ्यायची."

मला त्याने आजार सांगितला तो पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. फिनलंडहून परत आल्यावर.

समाधान झालं नसेल तर वर दाद मागण्याचा फॉर्म सोबत जोडलाय. त्यात "तक्रार कोणाविरुद्ध" असा रकाना आहे. तिथे मी त्याचं नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं, टाउनो आर्मास कांगास. मग खूप रडले.